भीमराव मेटकरी आणि इटलीतला गड

सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या एलआरटीला, म्हणजे छोट्या मेट्रोला, ड्रायव्हर नसतो. त्यामुळे पुढच्या काचेपाशी जो उभा राहील त्याला गाडी आपणच हाकतोय असं वाटतं, आणि म्हणून ती जागा तिथल्या पोराटोरांनी कधीच आपल्या नावावर करून घेतली आहे. भीमराव मेटकरी मात्र ती कुणाला सोडत नसत. वय शहात्तर, डोक्यावर निळी कॅप, खांद्याला कापडी पिशवी आणि दोन्ही गुडघ्यांना नातीनं आणून दिलेले काळे पट्टे. एखादं पोरगं "अंकल, आय ओल्सो वॉन्ट टू सी लाह" म्हणून कुरकुरलं, तर ते सरकून अर्धी काच देत. पूर्ण नाही. "आधी येईल त्याची जागा," हे वर मराठीत ऐकवत.

जायचं कुठं, तर वाचनालयात. तिथं त्यांचं पुस्तक एकच. इटलीतल्या डोंगरी किल्ल्यांचं, रंगीत फोटोंचं, उचलायला दोन हात लागावेत असं जाडजूड. भीमराव पस्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात फिटर होते. ड्रॉइंग वाचता यायचं, इंग्रजी जेमतेम. पण इंग्रजीवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. ते नकाशे बघत आणि शंभर पानी वहीत पट्टी लावून पेन्सिलनं प्रत्येक किल्ल्याचा फक्त दरवाजा उतरवून घेत. कमान किती उंच, अडसर कुठून सरकतो, आणि दारातून आत शिरल्याबरोबर बाजूला राखणदाराची देवडी आहे की नाही. बाकीचा किल्ला गेला उडत. "राजा कुठं झोपायचा ते सगळे लिहितात," ते सुनेला, नीलिमाला, म्हणायचे, "दार उघडणारा कुठं बसायचा ते कुणी लिहीत नाही."

राखणदार हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. शेजारच्या कॉन्डोच्या गेटवर लिम अंकल नावाचे सत्तरीचे चिनी गृहस्थ ड्यूटीला असायचे. भीमरावांचं इंग्रजी आणि लिम अंकलचं इंग्रजी, दोन्ही सारखीच लंगडी, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. त्यांची केबिन किती बाय किती, पंखा चालतो का, डबा खायला वेळ मिळतो का, याची चौकशी भीमराव न चुकता करत. नागसेनला, म्हणजे मुलाला, सुरुवातीला याची लाज वाटायची. वन-नॉर्थ भागातल्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या माणसाचे वडील दुसऱ्यांच्या गेटवर बसतात, हे त्याला बरं दिसत नव्हतं. मग ती लाज हळूहळू गेली, कारण वडील तिथं का बसतात हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

मेटकऱ्यांचं घराणं गडाचं. राजाचं नव्हे, राखणदाराचं. नारोगडाच्या अर्ध्या चढावर पहाऱ्याची चौकी असते, तिला मेट म्हणतात. त्या मेटावर यांच्या किती पिढ्या गेल्या याचा हिशेब नाही. गडावर तोफा गंजल्या, राज्यं गेली, तरी मेटावरची माणसं वर्षातून एकदा, चैत्रातल्या जत्रेला, पहारा द्यायला उभी राहायचीच. जत्रेचा स्वयंपाक वर गडावर व्हायचा. गाव आत पंगतीला बसायचं. मेटावरच्यांना महादरवाज्याच्या बाहेर, उतारावर, पत्रावळी मिळायच्या, आणि त्यात वरून, अंतर राखून, टाकलेलं अन्न.

छप्पन साली भीमराव नऊ वर्षांचे होते. त्यांची बहीण सरला सहा वर्षांची. त्या वर्षी भीम्या दरवाज्यातून आत पळाला. काही मोठं बंड वगैरे नव्हतं, पोराला जिलेबीचा वास आला इतकंच. चार पावलं गेला असेल, तोवर कुणीतरी बखोटीला धरून त्याला बाहेर आणलं आणि त्याच्या हातात पत्रावळ दिली. बापानं ती पत्रावळ त्याच्या हातून काढून घेतली, जमिनीवर ठेवली, दोन्ही पोरांना काखेला मारलं आणि गड उतरायला लागला. त्याच वर्षी दसऱ्याला बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, मेटाचं वतन सोडलं आणि पोरांना घेऊन खडकीला आला. येताना पोरांकडून शब्द घेतला, की या गडावर पुन्हा पाय ठेवायचा नाही.

बापानं शब्द घेतला तो एका गडाचा. भीमरावांनी तो महाराष्ट्रातल्या समस्त गडांना लावला. कुठल्याही सहलीत गड आला की ते पायथ्याशी बसून राहत. पण माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही. जे नाकारलं त्याचीच आस लागते. एखाद्या गडाच्या महादरवाज्यातून सरळ चालत आत जायचं, आत अंगणात मांडी घालून बसायचं आणि आपली भाकरी आपण खायची, एवढंच त्यांना मरायच्या आधी एकदा करायचं होतं. इथले गड शब्दात अडकले. मग ते म्हणायचे, तिकडचे तर मोकळे आहेत. तिकडच्या गडांचा आपण बापाला शब्द दिलेला नाही.

हे त्यांनी दोनच माणसांना सांगितलं होतं, नागसेनला आणि सरलाला. सरलाआत्या पुण्यात विश्रांतवाडीला असायची. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "दादा, कधी निघतोयस?"

निघणं काही होत नव्हतं. नागसेन म्हणायचा, पुढच्या जूनमध्ये. एका जूनला प्रोजेक्ट आडवा आला, दुसऱ्या जूनला त्याच्या मुलीची, ऋचाची, परीक्षा, तिसऱ्या जूनला व्हिसाची तारीखच मिळाली नाही. भीमराव चिडत नसत. "बरं, पुढच्या," म्हणत आणि वहीत आणखी एक दरवाजा काढत. शेवटी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरीण बाईंनी गुडघ्यांचे एक्स-रे दिव्यासमोर धरले, छातीला नळी लावली आणि नागसेनला बाजूला घेऊन सांगितलं की लांबचा प्रवास करायचा असेल तर याच वर्षी करा. तेव्हा कुठं याचे डोळे उघडले. त्यानं सप्टेंबरची तिकिटं काढली. ऋचाची शाळा होती, म्हणून नीलिमा मागं राहिली. बाप आणि लेक, दोघंच निघाले.

नीलिमानं बरोबर दशम्या दिल्या आणि शेंगदाण्याची चटणी. दशमी प्रवासात आठवडाभर टिकते, पण भीमरावांसमोर टिकेल तर शपथ. तरीसुद्धा त्यांनी पहिल्याच दिवशी दोन दशम्या वेगळ्या कागदात गुंडाळल्या आणि पिशवीच्या तळाशी ठेवल्या. कशासाठी ते नागसेननं विचारलं नाही.

पहिले चार दिवस किल्ले बघण्यात गेले, पण भीमरावांच्या मनासारखा एकही भेटला नाही. एक होता गावाच्या मधोमध, भोवती खंदक, खंदकात बदकं. "हा गड नव्हे, वाडा आहे," भीमरावांनी निकाल दिला आणि ते बाहेरच बाकावर बसले. दुसऱ्याचा नुसता बुरूज उरला होता आणि भोवती कुंपण. तिसऱ्याच्या फाटकावर टपालाची पेटी होती आणि आत कुत्रं भुंकत होतं, कारण मूळ मालकांचे वंशज अजून तिथं राहत होते. "अजून पाटलाकडंच आहे की रे," म्हणून भीमराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही. पण खरा किल्ला त्यांनी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. रोक्का सान वेरानो. रोक्का म्हणजे तिकडचा डोंगरी गड. पुस्तकातलं एकशे बारावं पान. उंच सुळक्यावर बसलेला, एकच दरवाजा, आणि दरवाज्याच्या आत उजव्या हाताला राखणदाराची देवडी, जशीच्या तशी, दगडी ओट्यासकट. वहीत त्याची चार पानं भरली होती.

इथं नागसेनबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वडील पायथ्याशी बसत असले तरी लेक मात्र गडावर जाऊन आला होता. पुण्यात इंजिनियरिंगला असताना अभय नावाच्या मित्राबरोबर, घरी कॅम्पला जातो असं सांगून, त्यानं पंधरा-वीस गड पालथे घातले होते. भीमरावांना बुटांच्या चिखलावरून कळलं होतं. त्यांनी एकच विचारलं होतं, "आत बसून जेवलास का?" नागसेन हो म्हणाला. "बरं झालं," म्हणून ते कामाला गेले होते. तर त्या अभयच्या टोळीत एक नियम होता, जो सह्याद्रीत हिंडणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो: गड पायथ्यापासून चढायचा. गाडीनं माथ्यावर जातो तो गड बघत नाही, पार्किंग बघतो. सिंगापूरला आल्यावरही नागसेन रविवारी पाठीवर वजन घेऊन बुकित तिमाची टेकडी चार-चार वेळा चढायचा आणि डांबरी रस्त्यानं येणाऱ्यांकडं जरा वरूनच बघायचा.

सान वेरानोला मागच्या अंगानं थेट दरवाज्यापर्यंत गाडीरस्ता होता. नागसेनला तो नकाशात दिसला होता. त्यानं तो बघितला आणि सोडून दिला. बाबा आयुष्यात एकदा गड चढणार, तर तो गाडीनं? गड दहाला उघडतो, पायवाट सव्वा तासाची आहे असं पाटीवर लिहिलंय, बाबांच्या गुडघ्यांना दोन तास धरू. आठला निघालं की झालं. त्यानं बाबांना विचारलंही. भीमराव म्हणाले, "तुला गडांतलं कळतं. तू म्हणशील तसं." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण नागसेनला शाळेत होती. पण म्हणी दुसऱ्यांसाठी असतात असंच आपण सगळे धरून चालतो.

वाट चेस्टनटच्या झाडांतून जात होती. खाली काटेरी फळं पडलेली. भीमराव दर वीस पावलांवर थांबत, काठीवर भार टाकून श्वास घेत, मग पुन्हा निघत. तासाभरात जेमतेम तिसरा हिस्सा वाट झाली. नागसेननं घड्याळ बघितलं. त्याला घाई करायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर तो सुखात होता. वडिलांच्या मागं दोन पावलं राहून, ते घसरले तर सावरता येईल असे हात पुढं धरून तो चालत होता, आणि असं आपण आधी कधी का नाही केलं, असं त्याला वाटत होतं.

अर्ध्या वाटेवर एक पडकी दगडी खोली लागली. छप्पर नव्हतं. एका भिंतीत दिवा ठेवायची कोनाडी, आणि खिडकी अशा बेतानं काढलेली की खालची सगळी वाट नजरेत यावी. भीमराव आत शिरले. कोनाडीत बोट फिरवलं. खिडकीत बसून खाली बघितलं.

"नागू, हे यांचं मेट आहे बघ," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "इथं आपल्यातलाच कुणीतरी बसत असणार. थंडीत कसं करत असतील रे? शेकोटी कुठं पेटवत असतील?"

आणि मग त्यांनी आपल्या आज्याच्या, पणज्याच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. मेटावर शिंग कसं फुंकायचे, वाघरू आलं तर काय करायचे, त्यांची आई वरून पाणी आणता येत नाही म्हणून खालच्या झऱ्यावर कशी जायची. नागसेननं यातलं निम्मंअधिक कधीच ऐकलं नव्हतं. ते दोघं त्या खोलीत चांगला पाऊण तास बसले. गाडीनं आलो असतो तर हे मिळालं असतं का, असं त्याच्या मनात आलं आणि तो स्वतःवर खूश झाला. हा विचार पुढं त्याला फार छळणार होता.

शेवटचा चढ अवघड होता. भीमरावांचे ओठ निळसर झालेले बघून नागसेननं त्यांना पुन्हा बसवलं, पाणी दिलं, गोळी दिली. "उतरू या का?" त्यानं विचारलं. "इथपर्यंत येऊन?" भीमराव म्हणाले आणि काठी टेकून उठले. दरवाज्यापाशी पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दरवाज्याला पांढऱ्या फुलांच्या माळा बांधल्या होत्या. समोरच्या पटांगणात चकचकीत गाड्या उभ्या होत्या. कमानीखाली काळा सूट घातलेला एक उंच माणूस हातात कागद घेऊन उभा होता. त्यानं दोघांकडं बघून हसून मान हलवली आणि तुटक इंग्रजीत सांगितलं की आज शनिवार, गड फक्त बारापर्यंत. आता खासगी समारंभ आहे. लग्न. उद्या या.

उद्या पहाटे त्यांचं विमान होतं.

नागसेननं काय नाही केलं! वडील आजारी आहेत, सिंगापूरहून आलोत, पाच मिनिटं, फक्त दोन मिनिटं, फक्त ही दारामागची खोली बघू द्या. हात जोडले. पाकीट काढलं, तर त्या माणसानं घाबरल्यासारखे हात मागं घेतले. तो काही उद्धट नव्हता. तो आत जाऊन कुणाला तरी विचारूनही आला. पण नवरी यायची वेळ झाली होती, फोटोवाल्यानं दार मोकळं ठेवायला सांगितलं होतं. "सॉरी, सॉरी," तो म्हणत राहिला. नागसेननं मोबाइलवर गडाचं पान उघडलं. तळाशी, बारीक अक्षरात, इटालियनमध्ये, शनिवारचं सगळं लिहिलेलं होतं. तो तिथवर कधी गेलाच नव्हता. गाडी दहाला इथं, या पटांगणात, दारापासून तीस पावलांवर लावता आली असती.

भीमराव त्या माणसाच्या खांद्यावरून आत बघत होते. देवडी तिथून स्पष्ट दिसत होती, चार पावलांवर. आत केटरिंगवाल्यांनी प्लास्टिकचे क्रेट रचून ठेवले होते.

"चल, बाहेर बसू," ते म्हणाले.

पटांगणाच्या कडेला दगडी बाक होता. भीमरावांनी पिशवीच्या तळातनं कागदाची पुडी काढली, मांडीवर ठेवली, पण सोडली नाही. आतून वाद्यांचा, हसण्याचा, भांड्यांचा आवाज येत होता. नागसेनला बाबांकडं बघायचा धीर होत नव्हता. तेवढ्यात कमानीतून एक मुलगी बाहेर आली. पांढरा एप्रन, वीस-बावीस वर्षांची, हसरी. तिनं बहुतेक त्या सूटवाल्याशी चाललेलं बोलणं ऐकलं असावं. तिच्या हातात ताट होतं, पांढरं शुभ्र, त्यात भात, भाजलेले बटाटे, केकचा तुकडा, बाजूला घडी केलेला रुमाल. ती सरळ भीमरावांसमोर आली आणि वाकून म्हणाली, "नोन्नो, पेर लेई." नोन्नो म्हणजे आजोबा. आजोबा, तुमच्यासाठी.

नागसेन उठलाच. "नको, बाबा. घेऊ नका." त्याला ते ताट हिसकावून खाली ठेवायचं होतं, आणि वडिलांना उचलून तो डोंगर उतरायचा होता.

"खाली बस," भीमराव म्हणाले. "त्या लेकराला काय माहीत?"

त्यांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं. "थँक्यू, बेटी," म्हणाले. ती छातीवर हात ठेवून उभी राहिली, म्हाताऱ्यानं पहिला घास घेताना बघायला. भीमरावांनी घास घेतला, तिच्याकडं बघून मान डोलावली, ती खूश होऊन आत पळाली. मग ते सगळं ताट जेवले, गडाच्या दरवाज्याबाहेर, सावकाश, एकही शीत न टाकता. जेवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. दशम्या तशाच राहिल्या.

खाली जाताना त्यांना एका पाहुण्यानं आपल्या गाडीतून सोडलं. दहा मिनिटं लागली. नागसेननं उतरल्यावर, त्यांच्या भाड्याच्या गाडीत बसल्यावर, स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "चूक माझी आहे, बाबा. गाडीनं यायला हवं होतं."

"गड पायथ्यापासूनच चढायचा असतो," भीमराव म्हणाले. "बरोबरच होतं तुझं. चल आता, भूक लागली असेल तुला."

त्या दुपारी हॉटेलवर सरलाआत्याचा कॉल आला. तिकडं पुण्यात दिवेलागणीची वेळ. ती फोनला नाक लावून बसली होती. "दादा, गेलास का? आत गेलास का?"

भीमराव खुर्चीत ताठ बसले. "गेलो की," ते म्हणाले. "सरळ चालत गेलो. कुणी विचारलंसुद्धा नाही." आणि मग त्यांनी एकशे बारावं पान सांगायला सुरुवात केली. उजवीकडं देवडी, दगडी ओटा, मग अंगण, अंगणात आड, आडाला लोखंडी रहाट. "ओट्यावर बसून दशमी खाल्ली. आज तुझी वहिनी असायला हवी होती. बापाची आठवण आली." नागसेन त्यांच्या मागं भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या आठवणीत वडील आयुष्यात खोटं बोलले नव्हते. कारखान्यात एकदा दुसऱ्याची चूक लपवायला नकार दिला म्हणून त्यांची बढती अडली होती, तरी बोलले नव्हते. आत्या तिकडं पदर डोळ्यांना लावून रडत होती आणि हसत होती. "झालं बाबा," म्हणत होती, "झालं एकदाचं."

पुंगोलला परतल्यावर भीमरावांचं सकाळचं सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. उठायचं, आंघोळ करायची, बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची, त्रिसरण आणि पंचशील म्हणायचं. त्यांचा आवाज मोठा, स्वयंपाकघरात ऐकू यायचा. पहिल्याच सकाळी नागसेन कॉफी ढवळताना थांबला. हत्या करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, इथवर पाली शब्द नेहमीसारखे खणखणीत आले. मग शांतता. मग एकदम मद्याचं, शेवटचं शील. चौथं, खोटं न बोलण्याचं, त्यांनी गाळलं होतं. दुसऱ्या दिवशीही गाळलं. जे आपण मोडलंय ते पाळतो म्हणून रोज बुद्धासमोर कसं सांगायचं, एवढा साधा हिशेब असणार त्यांचा. नागसेनला कितीदा वाटलं की जाऊन त्यांच्या पायाशी बसावं. पण तो कप धुऊन ठेवायचा आणि वन-नॉर्थला निघून जायचा.

वाचनालयात ते पुन्हा गेले नाहीत. लिम अंकलकडं जात, पण केबिनमध्ये बसत नसत, उभ्यानंच बोलून येत. फेब्रुवारीत एका सकाळी ऋचा त्यांना चहाला बोलवायला गेली आणि "पापा, आजोबा नॉट वेकिंग," असं म्हणत दारातच उभी राहिली. तोपर्यंत पाच महिने त्यांनी रोज चारच शीलं म्हटली होती.

मंडाईच्या स्मशानभूमीत अग्नी दिला आणि अस्थी घेऊन नागसेन पुण्याला गेला. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं बरीच जमली होती. कारखान्यातले चार म्हातारे आले होते. सगळे बोलून झाल्यावर सरलाआत्या उठली. चौऱ्याहत्तर वर्षांची, वाकलेली, पण आवाज भावासारखाच खणखणीत. "माझ्या दादाला नऊ वर्षांचा असताना गडाच्या दारातून बाहेर काढलं होतं," ती म्हणाली. "माझा दादा परदेशातल्या गडात, आत, राखणदाराच्या ओट्यावर बसून जेवून आला. हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जण रडले. नागसेन मान खाली घालून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या घरी, ती तांदूळ निवडत असताना, त्याला राहवलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. गाडीरस्ता, पायवाट, शनिवार, फुलांच्या माळा, ते ताट. "आत गेलेच नाहीत गं ते, आत्या. दाराबाहेर जेवले. माझ्यामुळं."

आत्यानं ताटातला खडा काढून बाजूला ठेवला. तिचे हात थांबले नाहीत.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी फोनवर दादा बोलत होता ना, त्याच्या मागं तू उभा होतास. तुझं तोंड दिसत होतं मला."

नागसेननं विचारलं, "मग काल विहारात सगळ्यांसमोर का सांगितलंस?"

तेव्हा तिनं ताट खाली ठेवलं.

"त्या जत्रेच्या दिवशी मीसुद्धा दाराबाहेरच होते रे," ती म्हणाली. "सहा वर्षांची. मलापण भूक लागली होती."